आगबंदीतलं सांबर

मार्च संपत आला, आमच्याकडचा उन्हाळा सरायची ही वेळ, तरी उत्तरेचा गरम वारा काही हटेना. तळ्यात नुसता चिखल उरला होता, तोही भेगाळलेला. गोऱ्हे आम्ही नाताळच्या आधीच विकून टाकले होते, त्यांची हाडं दिसायला लागायच्या आत. उरलेल्या गायींना सकाळी गवत टाकायचं, टँकरचं पाणी हौदात सोडायचं आणि नाकातोंडात धूळ घेऊन घरी यायचं, असे दिवस चालले होते. कशाचाच उत्साह म्हणून राहिला नव्हता. फ्रीझर उघडला तर तळाशी बर्फच जास्त दिसायचा.

त्या दिवशी पहाटेच रेडिओनं सांगितलं, आज पूर्ण आगबंदी, मध्यरात्रीपर्यंत उघड्यावर काडीसुद्धा ओढायची नाही. दिवसभर उत्तरेचा गरम वारा, संध्याकाळी नैर्ऋत्येकडून वारा फिरणार आणि उंच डोंगरांवर बर्फ पडायची शक्यता. आमच्या टॅलाबीन गावात याचं कुणाला नवल नाही. गिप्सलँडच्या या वरच्या अंगाला एकाच दिवसात माणूस भाजतोही आणि गारठतोही.

नवरा, डुगल, पिवळा डगला चढवत होता. गावच्या बंब पथकाचा तो कॅप्टन. असल्या दिवशी त्याला बंबघर सोडता येत नाही. आणि टेबलाशी त्याचा बाप, क्लेम, बंदूक पुसत बसला होता.

"कुठे निघालात, बाबा?"

"मांस आणायला."

"आज? चाळिशीत जाणार पारा!"

"म्हणूनच तर. अशा दिवशी सांबरं ओढ्याच्या गारव्याला बसून राहतात. शेपूट हलवायचा कंटाळा करतात. उद्या गार पडलं की कुठल्या कुठे पांगतील."

"दुकानात मांस मिळतं."

"मिळतं ना. खा तू. मी या घरात फुकट बसून खाणाऱ्यातला नाही."

हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. म्हाताऱ्याचं स्वतःचं घर मागच्या मोठ्या आगीत गेलं. शहरातून आलेल्या कुणा शिकाऱ्यांनी ओढ्याकाठी शेकोटी पेटवली आणि तशीच सोडून गेले. अख्खी खालची आळी जळाली. सासूबाई, ईनिड, जिवानिशी वाचल्या, पण त्यानंतर फार दिवस काढले नाहीत त्यांनी. तेव्हापासून म्हातारा आमच्या मागच्या पडवीत राहतो. खातो कमी, बोलतो त्याहून कमी, पण टोमणा मारायला चुकत नाही.

डुगलनं माझ्याकडे बघितलं. "नेरिडा, तू जा त्यांच्याबरोबर."

"मी? माझी कामं काय तुझा बंब करणार?"

"मग एकट्याला सोडू का डोंगरात, या वयात?"

बापलेकांचं वाजलं की पाय नेहमी माझेच दुखतात. मी बूट घातले.

जाताना बंबघरापाशी थांबलो. तिथे बाकावर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा असतो. आगबंदीच्या सकाळी गावातल्या प्रत्येक घरानं आपल्या काड्यापेट्या, लायटर त्यात आणून टाकायचे आणि बंदी उठली की न्यायचे. सरकारनं सांगितलेलं नाही हे. मोठ्या आगीनंतर म्हाताऱ्यानंच ही रीत घातली, तेव्हा कॅप्टन तो होता. खिशात काडी नाही, तर हातून चूकही नाही, असं त्याचं म्हणणं. बाहेरच्यांना वेडेपणा वाटतो. पण आमच्यात ज्याचं घर त्या डब्यात काही टाकत नाही, त्याच्याशी लोक दुकानात बोलत नाहीत.

म्हाताऱ्यानं सगळ्यांदेखत आपली काड्यापेटी टाकली. मी स्वयंपाकघरातला लायटर टाकला. तिथे पथकातली बेव्ह पाठीवर घ्यायचे पाण्याचे पंप भरत होती. तिचंही घर त्याच आगीत गेलेलं.

"काय क्लेम, सुनेला घेऊन फिरायला का?" तिनं विचारलं. "आणि तंबाखूचं काय करणार दिवसभर?"

"चघळीन."

"मग तर सांबरं वासानंच मरतील!"

म्हातारा हसला नाही. बंदीच्या दिवशी सिगारेट नसली की तो असाच फुरंगटलेला असतो.

टेलर सोंडेच्या डाव्या घळीत जाणार, असं मी डुगलला सांगून ठेवलं. सोंडेच्या पायथ्याशी गाडी लावली तेव्हाच अंग घामानं निथळायला लागलं होतं. मी जाकिटं काढायला गेले तर म्हातारा म्हणाला, "राहू देत ती. दुपारच्या आत खाली येऊ. येताना ओझं मांसाचं आणायचंय, कपड्यांचं नाही." मलाही त्या उकाड्यात जाकीट बघवेना. एक प्लास्टिकची ताडपत्री तेवढी पिशवीत कोंबली. वॉकीटॉकी घेतला, पण घळीत शिरल्यावर तो नुसता खरखरतो हे दोघांनाही ठाऊक होतं.

सांबरं होती. म्हाताऱ्याचा अंदाज चुकला नव्हता. झाडाएवढ्या वाढलेल्या नेच्यांच्या गचपणात एक मादी पाण्यात पाय सोडून उभी होती. म्हाताऱ्यानं झाडाच्या बुंध्याला बंदूक टेकवली, श्वास सोडला आणि बार काढला. मादी दचकली, भोंगा वाजवल्यासारखी एकदा ओरडली आणि चढावर पळाली. पानांवर रक्त होतं, पण काळपट, पातळ.

"मागे लागली गोळी," म्हातारा म्हणाला. त्याचं तोंड उतरलं. पूर्वी त्याची गोळी अशी हलत नसे.

"आता?"

"आता काय? जखमी जनावर सोडून घरी जायचं का? चल."

यावर वाद नव्हता. आमच्यात जनावर जखमी केलं की त्याच्यामागे जायचंच, मग ते कुठेही नेवो. त्या मादीनं आम्हाला घळीतून सोंडेवर नेलं, सोंडेवरून पलीकडच्या घळीत उतरवलं. एक थेंब इथे, एक तिथे. उन्हानं डोकं भणभणत होतं. निलगिरीची वाळकी साल पायाखाली कुरकुरत होती आणि वारा इतका कोरडा की ओठ फुटून रक्त आलं. दुपार कधी झाली ते कळलंच नाही. शेवटी एका ओंडक्याआड ती पडलेली दिसली, मान वर धरून आमच्याकडे बघत. म्हाताऱ्यानं दुसरी गोळी जवळून घातली आणि टोपी काढून क्षणभर तिथेच खाली बसला.

मग काम सुरू झालं. पोट फाडायचं, कातडं सोलायचं, मागच्या तंगड्या आणि पाठीचं मांस सुटं करून कापडी पोत्यात भरायचं. माश्यांनी नको नको केलं. हात कोपरापर्यंत चिकट झाले, सदरे घामानं अंगाला चिकटले. मी एक तंगडी पाठीवर घेतली, दुसरी त्यानं घेतली.

"मला द्या ती, दोन फेऱ्या करू," मी म्हटलं.

"मी मेलो नाही अजून."

असं म्हणून म्हातारा पुढे झाला. पण दर चार पावलांनी तो झाडाला हात टेकत होता. मला राग आला आणि वाईटही वाटलं.

वारा फिरला तो संध्याकाळची वाट न बघता. आधी सगळं एकदम थांबलं, पाखरंसुद्धा गप्प झाली. मग पलीकडच्या डोंगरावरून काळं आभाळ घसरत आलं आणि नैर्ऋत्येचा वारा झाडांवर आदळला. फांद्या कडाकडा मोडू लागल्या. आधी गारा आल्या, पाठोपाठ पाऊस. पाऊस तरी कसला, अर्धा बर्फच तो. घामानं भिजलेल्या अंगावर तो वारा लागला तेव्हा मी अंग आखडून घेतलं.

ओढा ओलांडताना म्हाताऱ्याचा पाय शेवाळलेल्या दगडावरून सटकला. पाठीवरच्या ओझ्यासकट तो कमरेइतक्या पाण्यात आडवा झाला. मी त्याला बखोटीला धरून ओढलं. बंदूक काठावर फेकली गेली होती. आधी तिचा बोल्ट उघडून गोळी काढली, मग त्याच्याकडे वळले. गुडघा सुजत होता. त्याला उभं केलं की तो दातओठ खाऊन पुन्हा खाली बसायचा.

"तू जा," तो म्हणाला. "गाडीतून जाकिटं आण."

"गाडी सोंडेपलीकडे आहे, बाबा. या धुक्यात मी परत इथेच येईन याचा काय भरवसा?"

थोडं वर एक कातळ पुढे झुकलेला होता. त्याच्याखाली त्याला फरफटत नेलं म्हणा ना. ताडपत्री त्याच्याभोवती गुंडाळली. वॉकीटॉकीवर हाका मारल्या, खरखर सोडून काही आलं नाही. मांसाची पोती तिथेच ओढ्यात पडली होती. दिवसभराची मेहनत पाण्यात, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही, इतका शीण आला होता.

म्हाताऱ्याचे दात वाजत होते. "आग हवी होती," मी म्हटलं.

"आज? डोकं फिरलंय तुझं?"

"बर्फ पडतोय, दिसत नाही का?"

"वरून पडतोय. खाली हात घालून बघ." मी पालापाचोळ्यात बोटं खुपसली. वरचा थर ओला, त्याच्याखाली कोरडं ठाक. दोन वर्षांचा दुष्काळ होता तो, एका सरीनं काय होणार? "आणि वारा बघ. एक ठिणगी त्या झाडीत गेली तर गाव उरेल का? पुन्हा? माझ्या हातून?" तो थांबला. "आणि पेटवणार कशानं? काड्या डब्यात आहेत."

हे बोलताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

मी त्याला चिकटून बसले. माझ्या अंगातच ऊब नव्हती तर त्याला कुठून देणार? हळूहळू त्याचे दात वाजायचे थांबले. आधी मला बरं वाटलं. मग कळलं, हे बरं नाही. त्याचे डोळे कुठेतरी भलतीकडेच लागले होते.

"ईनिड," तो म्हणाला, जिभेला जडपणा आलेला. "चहा ठेव गं."

"बाबा, मी नेरिडा."

"उकडतंय इथे. सदरा काढ माझा." आणि खरोखरच बटणांशी झटापट करायला लागला. बोटं निळी, एक बटण निघेना.

बंब पथकाच्या शिकवणीत हे सांगतात. थंडीनं माणूस जायला लागला की त्याला गरम होतं. म्हातारा माझ्या मांडीवर मरणार होता, आणि मी त्याच्या मुलाला काय सांगणार होते?

ओला सदरा तसाही काढायला हवा होता. मी बटणं सोडली, ओलं कापड अंगावरून सोलून काढलं, पँटचे खिसे रिकामे केले. चाकू, रुमाल, तंबाखूची चामडी पिशवी. पिशवी जड लागली. उघडली तर तंबाखूच्या खाली, मेणकापडात गुंडाळलेला, लायटर.

मी बघतच राहिले. ज्यानं गावाला ही रीत लावली, ज्यानं काडी लपवली म्हणून स्वतःच्या मेव्हण्याशी वर्षभर बोलणं टाकलं, तो हा माणूस! मला हसू आलं का रडू, देव जाणे. एवढा वेळ तो गोठत होता आणि हे त्याच्या खिशात होतं. सांगायला जीभ रेटली नाही त्याची.

लायटर बघून तो जरा शुद्धीवर आला. माझं मनगट धरलं. लहान मुलाइतकीच पकड होती.

"नको. गावाला काय सांगशील?"

"तुम्ही मेलात तर तुम्हाला काही सांगावं लागणार नाही. मला लागेल!"

"कधी पेटवला नाही गं," तो पुटपुटला. "एकदासुद्धा नाही. नुसता असायचा. नसला की हात थरथरतात."

"गप्प बसा आता."

मला त्याच्यावर इतका राग आला होता की त्या रागानंच मी उठले असेन. कातळाखालची जमीन बुटांनी, मग हातांनी खरवडली, पार लाल माती लागेपर्यंत. पाचोळा लांब ढकलला. ओढ्यातले दगड आणून कडं केलं. पडलेल्या ओंडक्याच्या पोटाखाली हात घालून निलगिरीची कोरडी साल ओरबाडली, तळहातांत चोळून तिचे धागे केले. नखं फाटली. अंगठा इतका बधिर की लायटरचं चाक फिरेना. शेवटी तळहाताच्या कडेनं दाबून फिरवलं. पेटलं.

सालीनं भसकन जाळ धरला आणि मी घाबरले. खरं सांगते, थंडीपेक्षा जास्त घाबरले. त्या उन्हाळ्यात मी गावात कुणालाही जाळ पेटवताना बघितलं नव्हतं. प्रत्येक ठिणगीकडे बघत होते, कुठे जाते, कुठे पडते. वारा कातळाला वळसा घालून यायचा आणि जाळ बाहेर ओढायचा, की मी ओला सदरा घेऊन झडप घालायची. लाकडं बोटाएवढीच टाकत राहिले, जाळ गुडघ्याच्या वर जाऊ दिला नाही. मधे मधे म्हाताऱ्याची पाठ चोळायची, त्याला ओढून धगीपाशी घ्यायचं, परत ठिणग्या. कमरेचा काटा ढिला झाला.

बऱ्याच वेळानं त्याचे दात पुन्हा वाजायला लागले. तो आवाज ऐकून मला रडू आलं.

उजेड मावळायला आला होता तेव्हा खालून आरडाओरडा ऐकू आला. "कोण हरामखोर आहे रे तो? कुणी पेटवलीय?" आवाज बेव्हचा. धुराचा वास तिनं सोंडेवरच पकडला होता. पाठीवर पाण्याचा पंप घेऊन ती झाडीतून वर आली, मागे डुगल, त्याच्या हातात जाकिटं. आम्ही परतलो नाही म्हणून वारा फिरून गार पडल्याबरोबर तो निघाला होता.

आम्हाला बघून बेव्ह जागीच थांबली. पंपाची नळी तिनं आगीवर रोखलेली तशीच राहिली.

"मी पेटवली," मी म्हटलं.

डुगल धावत बापापाशी गेला, त्याला जाकिटात गुंडाळायला लागला. बेव्ह हलली नाही. जाळाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला ठाऊक आहे, मोठ्या आगीच्या रात्री तिनं आपलं घर जळताना रस्त्यावर उभं राहून बघितलं होतं.

"कशानं?" तिनं विचारलं.

लायटर माझ्या मुठीत होता. माझा आहे म्हणाले असते तर तिथेच संपलं असतं सगळं. मी तोंड उघडलंही.

"माझ्या खिशातला," म्हातारा म्हणाला. आवाज घोगरा, पण शब्द स्पष्ट होते. "बंदीच्या प्रत्येक दिवशी होता. पोरीला काही बोलू नकोस, बेव्ह. तिला ठाऊकही नव्हतं."

डुगलचे हात थांबले. बापाकडे न बघता त्यानं जाकिटाची चेन वर ओढली. वारा झाडांत घोंघावत होता.

"जीव वाचवायला पेटवलेल्या आगीवरून मी कुणाचा गळा धरणार नाही," शेवटी बेव्ह म्हणाली. "दुसऱ्या गोष्टीचं बोलू आपण, क्लेम. आज नाही."

"बोलू," म्हातारा म्हणाला.

मग ती पंप मारायला लागली. जाळ फुसफुसला, वाफ उठली. मी काठीनं निखारे फोडून उलटेपालटे केले, तिनं परत पाणी मारलं. डुगलनं बापाला पाठुंगळी घ्यायला वाकून पाठ दिली.

"थांब," म्हातारा म्हणाला.

"बाबा, अंधार पडतोय."

"थांब म्हटलं ना."

आमच्याकडे आग विझली की नाही हे डोळ्यांनी ठरवत नाहीत. हातमोजा काढायचा, उघडा हात राखेत घालायचा आणि तळापर्यंत चाचपायचं. हाताला गार लागलं तरच जागा सोडायची. अख्ख्या पथकाला हे त्यानंच शिकवलं, डुगललाही. म्हातारा ढुंगणावर सरकत सरकत दगडांच्या कड्याशी आला, निळा पडलेला हात त्यानं त्या काळ्या चिखलात घातला. बराच वेळ तसाच बसला. मग दुसरा हात घातला.

"काय, बाबा?" डुगलनं विचारलं.

म्हाताऱ्यानं हात बाहेर काढले, स्वतःच्या बोटांकडे बघितलं. त्याची हनुवटी हलायला लागली. इतक्या वर्षांत मी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं, ईनिडच्या वेळीसुद्धा नाही.

"मला कळत नाहीये," तो म्हणाला. "काहीच लागत नाहीये हाताला." मग माझ्याकडे वळला. "नेरिडा, तू बघ."

मी गुडघे टेकले. राख वरून गार होती. बोटं खाली नेली तर तळाशी, दगडाच्या कडेला, धग लागली.

"अजून गरम आहे."

"मार पाणी, बेव्ह," तो म्हणाला.

बेव्हनं पंप मारला. मी परत हात घातला, परत तळापर्यंत गेले. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. बर्फ माझ्या मानेवर पडत होता आणि मी घाई केली नाही, एकेक दगड चाचपला.

"गार आहे," मी म्हटलं.

म्हाताऱ्यानं मान हलवली. मग कुठे तो मुलाला म्हणाला, "चल, उचल मला."